वासराची बारस

गेल्या वर्षी दिवाळीला आठ दिवस होते. सूनबाईने मोबाईल माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "बाबा, यंदा वसुबारसेला आपल्या सोसायटीत खरी गाय येणार आहे. वासरासकट."

मला आनंदच झाला. एकतीस वर्षं मी दिंडोरी तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली. डॉक्टरांच्या हाताखालचं पद, पण गावांतून मला सगळे डॉक्टरच म्हणायचे आणि अडल्यानडल्याला रात्री-अपरात्री दार वाजवायचे. निवृत्त झाल्यावर बायको गेली, मग मी नाशिकला मुलाकडे राहायला आलो. मुलगा ओझरच्या कारखान्यात. तो सकाळी अंधारात निघतो, त्यामुळे घरात बोलायला मी, सून आणि सहा वर्षांची नात. सोसायटी बावन्न घरांची. गाईचा वास अंगाला न लागता महिनेच्या महिने जातात, याची मला अजून सवय झालेली नाही.

सूनबाईने दाखवला तो सोसायटीच्या महिला मंडळाचा संदेश होता. 'पारंपरिक गोवत्स पूजन, सायंकाळी सहा. ड्रेसकोड नऊवारी किंवा काठपदर. फोटोग्राफर उपलब्ध. पूजनानंतर सर्वांसाठी बदाम दूध.'

शेवटची ओळ मी दोनदा वाचली.

"बदाम दूध कशाला?" मी विचारलं.

"थंडी पडायला लागलीय ना. का?"

"वसुबारसेला दूध पीत नाहीत."

"आमच्याकडे असं काही नव्हतं बाबा," ती म्हणाली. ती मुंबईत वाढलेली. तिचा काही दोष नव्हता. मी विषय सोडला. तो तेव्हाच सोडायला नको होता, असं आता वाटतं.

माझं गाव घोटीच्या पुढे, भातशेतीचं. आमच्याकडे डांगी गाई. डांगी गाय पावसात टिकते, चिखलात टिकते, पण दूध देते ते बेताचं, वासरापुरतं आणि वर शेरभर. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. वसू म्हणजे धन, म्हणून वसुबारस, हे मी पुढे शाळेत शिकलो. आई तिला वासराची बारसच म्हणायची. तिची पूजा पाच मिनिटांची. गाईच्या पायावर पाणी घालायची, कपाळाला हळदकुंकू लावायची, अंगावर फूल टाकायची आणि हिरव्या गवताची एक पेंढी पुढे. पण या सगळ्याच्या आधी ती वासराचं दावं सोडायची. वासरू धावत जाऊन कासेला लुचायला लागलं की मगच हातात तांब्या घ्यायची. त्या दिवशी सकाळ-संध्याकाळ धार काढायची नाही. घरात दूध नाही, दही नाही, तूप नाही. आईचा स्वतःचा गहूही बंद. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खायची.

एका वर्षी नेमके त्या संध्याकाळी तलाठी घरी आले. वडिलांचं उताऱ्याचं काम त्यांच्याकडे अडलेलं. वडील आत येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "कपभर दूध काढ. चहापुरतं."

"आज वासराचं आहे," आई म्हणाली.

"कपभरानं काय होतंय?"

"तेच तर. कपभर रोज आपणच घेतो."

तलाठ्यांना गुळाचा कोरा चहा मिळाला. वडील शरमेने खाली बघत बसले. आई मात्र शांत होती. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. मोठेपणी देवाधर्माचं बरंच ऐकलं, कीर्तनं ऐकली, पण धर्म म्हणजे काय हे मला त्या संध्याकाळी जेवढं कळलं तेवढं पुन्हा कधी कळलं नाही. ज्याचं आपण वर्षभर घेतो, त्याचं एक दिवस त्याला द्यायचं आणि ते देताना आपल्याला थोडं तरी लागलं पाहिजे. गाईच्या पोटात देव आहेत की नाहीत हे आईला माहीत नव्हतं. वासराच्या पोटात भूक आहे हे माहीत होतं.

वसुबारसेच्या दिवशी पाच वाजल्यापासूनच खाली पार्किंगमध्ये गडबड सुरू झाली. दोन गाड्या हलवून जागा केली होती, झेंडूच्या माळा सोडल्या होत्या, रांगोळी काढली होती. साडेपाचला टेम्पो आला. गीर गाय होती, लांब कानांची, लाल, देखणी. तिची मालकीण पन्नाशीची बाई, म्हसरूळच्या पुढे दिंडोरी रस्त्याच्या आत मळ्यात राहणारी. तिने फळी लावून गाय उतरवली. मागून दीड महिन्याचं वासरू उतरलं. त्याच्या तोंडाला जाळीचं मुसकं बांधलेलं होतं.

मी जवळ गेलो. कास तट्ट फुगलेली, सडांतून थेंब गळत होते. गाय मान वळवून वळवून वासराकडे बघत होती.

"बाई, वासराला पाजलं नाही का आज?"

तिने माझ्याकडे बघितलं. "सकाळपास्नं नाय सोडलं. तुमच्या मॅडमनी फोनवर सांगितलं व्हतं, कास भरेल दिसली पाहिजे, फोटू काढायचेत. वासरू लुचलं तर मंग सुकते ना."

"आता तरी मुसकं काढा."

"काढते. पूजा झाली का काढते. आधीच दोन ठिकाणं झाली, तिथंबी असंच सांगितलं."

म्हणजे दुपारपासून ही गाय तिसऱ्या ठिकाणी उभी होती. मी तिच्या डाव्या कुशीवर हात ठेवला. भरलेली होती, नेहमीपेक्षा जास्त. "काय खाऊ घातलंय तिला?"

"जे देतील ते. पुरनपोळ्या, भात, लाडू. नाय कसं म्हनायचं? देवीला नैवेद्य दाखवून आनलेला असतो. नाय म्हनलं तर पुढल्या साली बोलवत नाय. चार सोसायट्या झाल्या का माझी दिवाळी निघते."

तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्षबाई आल्या. पैठणी, नथ, हातात चांदीचं ताट. स्वभावाने वाईट बाई नाहीत. माझ्या बायकोच्या वर्षश्राद्धाला स्वतः येऊन बसल्या होत्या. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, गाईला आता आणखी काही घालू देऊ नका. पूजा करा, ओवाळा, पण खायला घालायचं तर फक्त चारा. हिचं पोट आधीच भरलंय. शिजवलेलं अन्न, कणीक, गूळ जास्त झालं की गाईच्या पोटात ते आंबतं. जीव जातो."

त्या हसल्या. "काका, एवढ्या बायकांनी दिवसभर खपून केलंय. लोकांच्या भावना असतात. आणि गोमातेला ते पचवायची ताकद असते."

"ताई, मी एकतीस वर्षं हेच काम केलंय."

"हो हो, माहितीय मला. पण आज नको ना, काका."

मी सूनबाईकडे वळलो. तिच्या ताटात कणकेचे गूळ घातलेले सात गोळे होते. नातीने हाताने वळलेले, वेडेवाकडे. "अगं, तू तरी घालू नकोस."

"बाबा, एक दिवस तर आहे," ती कुजबुजली. "सगळ्यांसमोर असं नका ना करू."

मग मी काय केलं, ते लिहायलाच हवं. मी गप्प बसलो. सुनेला चारचौघींत अवघड होईल, नातीचा चेहरा पडेल, म्हातारा दरवेळी काहीतरी खुसपट काढतो असं म्हणतील, एवढ्याच कारणांसाठी. मळ्यांतून, वस्त्यांवरून मी मोठमोठ्या बागाईतदारांना तोंडावर झापलं होतं. औषध फवारलेल्या शेतातला चारा घातला म्हणून एका माजी सरपंचाला त्याच्या ओट्यावर उभं राहून बोललो होतो. आणि इथे, पार्किंगमध्ये, मला बोलता आलं नाही. बाजूला खांबाला टेकून मी बघत राहिलो.

एकामागून एक बाई पुढे यायची, ओवाळायची, गाईच्या तोंडापुढे ताट धरायची आणि फोटोग्राफर म्हणेल तसं हसायची. गाय आधी खात होती. नंतर तिने तोंड फिरवलं, तर एकीने गोळा तिच्या ओठांत कोंबला. कुणीतरी मोतीचूर लाडू कागदासकट दिला, तो मी धावत जाऊन काढला. वासरू आईकडे जायला ओढत होतं. त्याचं दावं सोसायटीच्या वॉचमनने धरून ठेवलं होतं, फोटोत मध्ये येतं म्हणून. शेवटच्या ग्रुप फोटोला मात्र त्याला ओढून पुढे उभं केलं आणि मुसक्यावर झेंडूची माळ बांधली. मागे टेबलावर बदाम दुधाचे कागदी कप भरून ठेवले होते. लोक ते पीत होते आणि एक बाई माईकवरून सांगत होत्या की हा सण मातृत्वाचा आहे, वात्सल्याचा आहे.

वात्सल्य हा शब्द ज्या वत्सावरून आला ते वत्स पाच हातांवर भुकेलं उभं होतं आणि त्याच्या तोंडाला जाळी होती.

टेम्पो निघताना मी मालकिणीला माझा नंबर दिला. "घरी गेल्यावर वासरू सोडा. रात्री दाण्याचा कण घालू नका. सकाळी रवंथ करते का बघा. नाही केलं तर लगेच फोन करा."

तिने वळून विचारलं, "तुम्ही डॉक्टर का?"

"तसाच," मी म्हटलं.

सकाळी पावणेसातला फोन आला. धनत्रयोदशी होती. "डॉक्टर, गाय उठंना. दात खाती करकर. शेन पानीपानी झालंय, आंबूस वास मारतोय."

मी स्कूटर काढली. निघताना सूनबाई उठलेली दिसली. मी एवढंच म्हणालो, "किराणावाल्याकडे खायचा सोडा असेल तेवढा घे आणि मी पाठवतो त्या पत्त्यावर ये. किलोभर तरी लागेल." ती काही न विचारता चप्पल घालायला लागली.

मळ्यातल्या पत्र्याच्या गोठ्यात गाय बसली होती, मान कुशीत घातलेली. डावी बाजू नगाऱ्यासारखी. कान थंड, डोळे आत गेलेले. मी तालुक्यातल्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. ते पेठ रस्त्याला दुसऱ्या कॉलवर होते, यायला दीड तास लागेल म्हणाले. तोवर करता येईल ते करायचं. मालकिणीने आणि मी मिळून गाईला कशीबशी उठवलं, पुढचे पाय उंचावर येतील असं उभं केलं. तोंडात आडवी काठी बांधली, म्हणजे ती चघळत राहते आणि लाळ सुटते.

सूनबाई नातीला शेजारी सोडून रिक्षाने आली तेव्हा तिच्या हातांवर अजून कालची मेंदी होती. सोड्याची सतरा पाकिटं तिने दोन दुकानं फिरून आणली होती. ती पाण्यात कालवून मी बाटलीत भरली. "डोकं धर," मी तिला म्हणालो. "असं, खालून. फार वर नको, ठसका लागेल."

तिने धरलं. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या जवळून. गाईची लाळ तिच्या ड्रेसवर गळत होती. तेवढ्यात गाईने अंग आखडलं आणि मागून पातळ शेण पडलं. त्यात न पचलेली हरभऱ्याची डाळ होती, भाताची शितं होती आणि कणकेचे गुठळे होते. सूनबाई त्याकडे बघत राहिली.

"यातले आपले असतील का बाबा?" तिने विचारलं.

मी पुढची बाटली भरली. बावन्न घरांतलं कुठलं घर होतं, हे शेणात लिहिलेलं नसतं.

कोपऱ्यात वासरू ओरडत होतं. मालकिणीने त्याला सोडलं, ते कासेला गेलं, दोन-चार ढुशा दिल्या आणि पुन्हा ओरडायला लागलं. कालची तट्ट फुगलेली कास आता रिकाम्या पिशवीसारखी लोंबत होती. आजारी गाय दूध आटवते. मालकीण म्हणाली, "काल घरी येऊन सोडलं तवा लय पिलं बघा. तेवढंच."

डॉक्टर साडेआठला आले. सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. दुपारी दोनच्या सुमाराला गाईने मान उचलली आणि एकदा ढेकर दिला. त्या आंबट वासाच्या ढेकराने मला एवढं बरं वाटलं की मी तिथेच गव्हाणीच्या कडेला बसलो.

परत येताना सूनबाई स्कूटरवर माझ्या मागे बसली होती. घरी आल्यावर तिने हात-पाय धुतले आणि न जेवता सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. मला वाचून दाखवलं, मग पाठवलं. साधं लिहिलं होतं. कालची गाय आपण सर्वांनी जास्त खाऊ घातल्यामुळे आजारी पडली आहे, उपचार चालू आहेत, पुढच्या वेळी फक्त हिरवा चारा द्यावा, मीही कणकेचे गोळे दिले होते.

उत्तरं यायला लागली. आधी हात जोडलेल्या चित्रांची रांग. मग एकीने लिहिलं, आमच्याकडचं सगळं ताजं होतं. दुसरीने लिहिलं, त्या बाईने गाईला सकाळपासून उपाशी ठेवलं असेल, म्हणून बाधलं. तिसऱ्या गृहस्थांनी गाईच्या शरीरात किती देव वास करतात, याचा लांबलचक मजकूर टाकला. मग अध्यक्षबाईंचा संदेश आला. 'सणाच्या दिवशी ग्रुपवर नकारात्मक पोस्ट नकोत. कृपया सर्वांनी फोटो बघावेत, खूप सुंदर आलेत.' आणि खाली बेचाळीस फोटो.

मी उठलो आणि त्यांच्या दारावर गेलो. आत बोलावलं, मी गेलो नाही.

"ताई, त्या गाईच्या तब्येतीची साधी विचारपूस एकानेही केली नाही."

"काका, वाईट वाटलंच ना आम्हाला. पण मुद्दाम कुणी केलंय का?"

"मुद्दाम नाही. मी सांगितलं होतं, तरी केलंत."

"श्रद्धेने केलं."

"श्रद्धेने केलं असतं तर आधी वासराला सोडलं असतं. काल तुम्ही पूजा कुणाची केलीत? गाईची नाही, वासराची तर नाहीच. तुमच्या साड्यांची केलीत. तो सण दूध न पिण्याचा आहे आणि तुम्ही दूध वाटलंत. ती भुकेल्या लेकराची बारस आहे आणि तुम्ही त्याचं तोंड बांधलंत. काही न करता घरी बसला असतात तर जास्त पुण्य लागलं असतं."

त्यांचा चेहरा लाल झाला. "तुम्ही वयाने मोठे आहात म्हणून ऐकून घेतेय," त्या म्हणाल्या आणि दार लावलं.

मला बोलल्याचा पश्चात्ताप झाला नाही. एक दिवस उशिरा बोललो, याचा झाला. अजूनही होतो.

गाय वाचली. पण या आजारात कधी कधी खुरांवर जातं, तसं तिचं झालं. पुढच्या पायाने लंगडायला लागली. दूध निम्म्यावर आलं ते परत चढलं नाही. वासरू बाटलीवर वाढवावं लागलं. मी दर पंधरवड्याला जात होतो, कधी कधी सूनबाईही नातीला घेऊन यायची. नातीने एकदा मालकिणीला विचारलं, "आजी, हिला काय आवडतं?" मालकीण म्हणाली, "कडवळ. हिरवं हिरवं. तुला कशी चॉकलेटं." त्यानंतर नात कधी पोळी घेऊन गेली नाही.

मी सोसायटीच्या सूचनाफलकावर एक कागद लावला होता. जनावरांना काय घालावं, काय घालू नये, मोठ्या अक्षरांत. तो दिवाळी पहाटच्या जाहिरातीखाली गेला. मी पुन्हा लावला. मग कुणीतरी तो काढूनच टाकला.

यंदाच्या वसुबारसेला आमच्याकडे मंडप-डेकोरेशनवाल्याकडून फायबरची गाय आली. पांढरीशुभ्र, शिंगांना सोनेरी रंग, पोटाखाली चिकटवलेलं वासरू. तिच्यापुढे लाडवांचं ताट ठेवलं आणि अध्यक्षबाई मला जिन्यात भेटल्यावर म्हणाल्या, "काका, यंदा तुमची काही तक्रार नसेल ना?" त्या खरंच समेटाच्या सुरात म्हणाल्या. त्यांना वाटलं, मला हेच हवं होतं. मी मान हलवली आणि वर आलो. सूनबाई खाली गेली नाही. तिने त्या दिवशी घरात दूधही घेतलं नाही.

त्याच संध्याकाळी मालकिणीचा फोन आला. तिला दुसऱ्या एका सोसायटीने बोलावलं होतं. माझ्या सांगण्यावरून तिने घरून कडवळाचं ओझं टेम्पोत घालून नेलं होतं आणि बायकांना हात जोडून म्हणाली होती, ताई, हेच एकेक पेंढी द्या, घरचं नको.

"मंग?" मी तिच्यासारखंच विचारलं.

"मंग काय. एक आजीबाई व्हती, तिनं घातली पेंढी. बाकीच्या म्हनल्या, आमचा नैवेद्य चालत नसंल तर दुसरी गाय बघतो. अर्ध्या तासात दुसरी आली. आमी परत आलो."

ती हे रागाने सांगत नव्हती. राग मलाच येत होता. मी विचारलं, "वासराला पाजलं का?"

"ते आता वासरू कुठं राह्यलं, चांगला गोऱ्हा झालाय." ती थोडी हसली. "डॉक्टर, तिचा पुढचा खूर पुन्हा वाढलाय. चालताना टेकवीत नाय."

गुरुवारी सकाळी येतो, खूर कापून देतो, असं मी तिला सांगितलं.